लेकरू, इशारा आणि विश्वास



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ शाळा ही व्याख्यानमाला चालविते, त्यांच्या वर्गात मी बसलेलो आहे. पोळ्याच्या सुटीपूर्वी शाळा सुटताना ते आम्हाला एकच वाक्य सांगत: "परवा नदीवर कोणी दिसता कामा नये." गोटमारीच्या दिवशी सकाळपासून ते जाम नदीकडे जाणाऱ्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसत. हातात छडी नसे, वर्तमानपत्र असे. आम्ही नदीवर गेलो नाही याचे कारण दगडांची भीती हे नव्हते, कारण त्या वयात दगडांचे आकर्षणच अधिक होते. ते स्वतः तिथे बसलेले असत, हे खरे कारण होते. आजचा विषय निवडताना मला ती खुर्ची आठवली.

पांढुर्ण्याचे नाव बाहेरगावी सांगितले की समोरचा माणूस पहिल्यांदा गोटमारीबद्दलच विचारतो. नदीच्या पात्रात रोवलेला पळस, त्यावरचा झेंडा, पलीकडे सावरगाव, अलीकडे पांढुर्णा आणि दोन्हीकडून येणारे दगड, हे सारे त्याने कोठेतरी वाचलेले किंवा पाहिलेले असते. मग तो आपल्याकडे जरा संशयाने पाहतो. इथली माणसे मुलाबाळांची पर्वा करीत नसावीत, असे त्याला वाटते. त्याचे वाटणे अगदीच निराधार आहे असे म्हणवत नाही. दरवर्षी शेकडो लोक जखमी होतात आणि दगडांऐवजी रबरी चेंडू देण्याचा प्रयत्नही लोकांनी मानला नाही. पण त्याच दिवशी या गावातल्या आया आपल्या लहानग्यांना घराबाहेर पडू देत नाहीत, हे तो पाहत नाही. वर्षातून एकदा येणारा, डोळ्यांना दिसणारा, आवाज करणारा धोका आम्हाला उत्तम कळतो. अडचण उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांची आहे.

संत्र्याच्या बागेतली विहीर घ्या. तिला कठडा नाही हे घरातल्या सर्वांना ठाऊक असते. मोटारपंप बसवताना कठडा काढला, तो पुन्हा बांधायचा राहून गेला, आणि मूल तिच्या काठाने रोज शाळेत जाते. फवारणीच्या औषधाचा डबा घ्या. रिकामा झाला की तो धुऊन ठेवायचा, कारण डबा चांगला असतो. माझ्या स्वतःच्या घरात रॉकेल सोड्याच्या बाटलीत ठेवलेले असे. चैत्रातल्या एका दुपारी माझ्या धाकट्या भावाने ते पाणी समजून प्यायले. तो वाचला, पण घरच्यांनी घाबरून त्याला मीठपाणी पाजून ओकायला लावले होते, आणि रॉकेलच्या बाबतीत तेच सर्वांत घातक असते, हे मला पुढे वैद्यकीय शिक्षण घेताना कळले. ओकताना रॉकेल फुप्फुसात उतरते. माझ्या आईवडिलांनी इशाऱ्याकडे दुर्लक्ष केले असे मी म्हणणार नाही. त्यांच्यापर्यंत इशारा पोचलाच नव्हता. जे पोचले होते ते शेजारच्या आजीचे वाक्य होते, आणि आजीने आयुष्यभर गल्लीतल्या बाळंतिणी सांभाळल्या होत्या. तिचे कोण ऐकणार नाही?

पालक मुलाच्या धोक्याचे मोजमाप कसे करतात, असा प्रश्न आपण विचारतो तेव्हा सहसा अज्ञान, अंधश्रद्धा, निष्काळजीपणा असे शब्द पुढे येतात. पस्तीस वर्षे लहान मुलांना तपासल्यानंतर माझे मत निराळे झाले आहे. आईबाप धोक्याचे आकडे तोलत नाहीत; ते सांगणाऱ्याला तोलतात. हा माणूस कोण, याने यापूर्वी आपले काय भले केले, उद्या काही झाले तर हा सापडेल का, एवढे पाहून ते निर्णय घेतात. ही रीत मूर्खपणाची नाही. ज्याच्याजवळ प्रयोगशाळा नाही त्याच्याजवळ दुसरी रीत असूही शकत नाही. म्हणूनच या रीतीत चूक झाली तर ती बहुतेक वेळा आईबापांची नसते.

मी परासियाविषयी बोलतो आहे हे आपण ओळखले असेल.

2023 पर्यंत आपण ज्या छिंदवाडा जिल्ह्याचे होतो, त्याच जिल्ह्यातले हे गाव. 2025 च्या ऑगस्टअखेरीपासून तिथली लहान मुले सर्दीतापाने आजारी पडू लागली. पावसाळ्याच्या शेवटी असा ताप घरोघरी असतो. आईबापांनी मुलांना डॉक्टरांकडे नेले, लिहून दिलेले औषध आणले, सांगितले तितक्या वेळा पाजले. काही दिवसांत मुलांची लघवी बंद झाली. मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. कितीतरी मुलांना नागपूरला हलवावे लागले. सुरुवातीला साथीच्या तापाचा संशय घेतला गेला. मूत्रपिंडाच्या तुकड्याची तपासणी झाल्यावर बोट विषारी द्रव्याकडे गेले. 'कोल्ड्रिफ' नावाच्या खोकल्याच्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल होते. तामिळनाडूतील कांचीपुरम जिल्ह्यात ते तयार झाले होते. तिथल्या सरकारी प्रयोगशाळेच्या तपासणीत त्याचे प्रमाण 48.6 टक्के निघाले, म्हणजे बाटलीतला जवळजवळ निम्मा भाग. चालू शकणारी मर्यादा आहे 0.1 टक्का. 4 ऑक्टोबरला मध्य प्रदेशात त्या औषधावर बंदी आली. तोवर आणि त्यानंतरच्या दिवसांत मिळून वीसहून अधिक मुले गेली. बहुतेक पाच वर्षांखालची होती. त्यांत आपल्या पांढुर्णा जिल्ह्यातलेही एक मूल होते.

हे द्रव्य कारखान्यात लागते. गाडीच्या ब्रेकचे तेल, यंत्र थंड ठेवण्याचे द्रव अशा कामांत ते वापरतात. औषध पातळ करण्यासाठी जे ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल लागते, त्याच्यासारखेच ते दिसते, आणि चवीला गोड असते. स्वस्तही पडते. कोणत्याही आईला वास घेऊन, रंग पाहून किंवा जिभेवर थेंब ठेवून ते ओळखता आले नसते. मला दवाखान्यात बसून ओळखता आले नसते. ज्यांना ओळखता आले असते ते दोन ठिकाणी होते: जिथे औषध तयार होते तिथे, आणि जिथे त्याची तपासणी व्हायला हवी तिथे.

दुर्दैव असे की हा इशारा नवा नव्हताच. 1937 साली अमेरिकेत याच द्रव्यात विरघळवलेल्या एका औषधाने शंभरावर माणसे मेली, आणि पुढच्या वर्षी त्या देशाने औषधे विकण्यापूर्वी ती सुरक्षित असल्याचे सिद्ध करण्याचा कायदा केला. आपल्याकडे 1986 च्या प्रारंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीन देण्यात आल्याने 14 रुग्ण दगावले. त्या प्रकरणी न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला. सरकारी औषध नियंत्रणाच्या कारभारावर त्या आयोगाने जे ओढले ते त्या काळी मराठी वर्तमानपत्रांतून रोज छापून येत असे. माझ्या पिढीच्या डॉक्टरांना ते चांगले आठवते. 2022 मध्ये आफ्रिकेतल्या गांबियात सुमारे सत्तर मुलांच्या मृत्यूनंतर आपल्या देशात तयार झालेल्या सिरपांकडे बोट दाखवले गेले. म्हणजे माहिती होती, वारंवार होती. ती वर होती आणि वरच राहिली.

आता माझी स्वतःची गोष्ट. ती सांगितल्यावाचून या व्यासपीठावरून इतरांना बोल लावण्याचा मला अधिकार नाही.

साधी सर्दी पाच-सात दिवसांत आपोआप जाते आणि लहान मुलांच्या खोकल्यावर बाजारात मिळणाऱ्या मिश्र औषधांचा फारसा उपयोग होत नाही, हे मला दवाखाना सुरू केल्यापासून थोड्याच वर्षांत कळले होते. तरीही मी बाटल्या लिहून दिल्या. बाई लेकराला कडेवर घेऊन आठ कोस आलेली असे. तिला मी "कोमट पाणी द्या, अंगावरचे दूध चालू ठेवा" एवढेच सांगितले की ती उठत नसे. "लेकराले औषध नाही देलं का तुमी?" असे ती विचारी. त्या प्रश्नात माझ्यावरचा विश्वास होता आणि मी तो अर्ध्या मिनिटात, एका बाटलीने, फेडून टाकीत असे. बाटली लिहायला अर्धे मिनिट लागते. बाटली का नको हे समजावायला दहा मिनिटे लागतात, आणि बाहेर बाकावर तीस जण बसलेले असतात. डिसेंबर 2023 मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, तशी सूचना वेष्टनावर छापावी, असा आदेश काढला. मी तो वाचला. त्या वेळी माझा दवाखाना बंद झाला होता. कागदाची घडी घालून मी ठेवून दिली. माझ्याच गल्लीत पाच-सात घरी लहान मुले आहेत; एकाही घरी जाऊन मी ते सांगितले नाही. औषधातले विष आणि हे मिश्रण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मी जाणतो, त्यांची गल्लत मी करीत नाही. पण कोल्ड्रिफमध्ये हेच मिश्रण होते, आणि चार वर्षांखालच्या मुलाला असली बाटली नकोच, हे वाक्य घराघरांत पोचले असते तर तेवढ्या घरांतून ती परत गेली असती.

आणि समजा, सूचना वेष्टनावर छापलेली असली, तरी ती कोणत्या भाषेत? इंग्रजीत, मोहरीएवढ्या अक्षरांत. सरकारी फलक आपल्याकडे हिंदीत असतो, घरी आपण मराठी बोलतो, औषधाची बाटली इंग्रजी बोलते. तीन भाषांच्या या गावात इशारा नेमका त्याच भाषेत येतो जी चुलीजवळ कोणी बोलत नाही.

इशारा कोणाच्या तोंडून येतो याचे महत्त्व मला आणखी एका घटनेतून शिकायला मिळाले; ती शाळेतली असल्याने येथे सांगणे भाग आहे. 16 जुलै 2013 रोजी बिहारमधल्या सारण जिल्ह्यात गंडामन गावच्या शाळेत मध्यान्ह भोजन खाऊन 23 मुले मृत्युमुखी पडली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस होते, हे आपल्या संत्र्याच्या आणि कापसाच्या शेतकऱ्याला परिचित असलेले कीटकनाशक. स्वयंपाकीण बाईला तेल बरे वाटले नव्हते आणि तिने तसे बोलून दाखवले होते. मुलांनी भाजीच्या चवीबद्दल तक्रार केली होती. असे त्या वेळच्या वार्तांकनात आले. म्हणजे त्या दिवशी इशारा अगदी योग्य वेळी, योग्य ठिकाणी दिला गेला होता. देणारी एक स्वयंपाकीण होती आणि काही आठ-दहा वर्षांची पोरे होती. पुढे मुख्याध्यापिकेला शिक्षा झाली, ते न्यायालयाचे काम. माझ्या मनात राहिली ती स्वयंपाकीण. आपल्या घरातसुद्धा सासूने सांगितलेले आणि मोलकरणीने सांगितलेले सारखे तोलले जाते का? "बाई, पोराचं अंग मले बरं नाही वाटत," असे भांडी घासणारी म्हणते तेव्हा आपण उठून पाहतो का?

विश्वासाच्या या तराजूची दुसरी बाजूही आहे, आणि ती काळी आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी पाच माणसांना जमावाने ठार मारले. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागत आलेली माणसे होती. मुले पळवणारी टोळी फिरते आहे अशी अफवा मोबाईलवरून त्या भागात पसरलेली होती. त्या वर्षी देशभर फिरलेल्या अशा चित्रफितींपैकी एक तर मुळात पालकांना सावध करण्यासाठीच कराचीतल्या एका संस्थेने बनविलेली होती. तिच्या शेवटी मोटारसायकलवरचा माणूस मुलाला परत आणून सोडतो आणि संदेश दाखवतो. तो शेवट कापून ती आपल्याकडे फिरवली गेली. हा इशारा मात्र कोणालाही समजावून सांगावा लागला नाही. तो आपल्याच भावाने, मेहुण्याने, शेजाऱ्याने पाठविलेला होता, आपल्याच भाषेत होता, आणि त्यावर लगेच काहीतरी करता येत होते. खऱ्या इशाऱ्यांत यांतली एकही गोष्ट नसते. जे इशारे खरे असतात ते दूरच्या कार्यालयातून, परक्या भाषेत येतात आणि बहुधा "काळजी घ्यावी" एवढेच सांगून थांबतात. काळजी घ्यावी म्हणजे नेमके काय करावे? भीतीला काही तरी करायला हवे असते. योग्य कृती हाती नसेल तर ती अयोग्य कृती शोधते. मेळघाटात आजही कोठे कोठे पोट फुगलेल्या तान्ह्याला 'डंबा' देतात, म्हणजे तापवलेल्या विळ्याने पोटावर डागतात. ते करणारे आईबाप क्रूर नसतात. घाबरलेले असतात, आणि त्या रात्री त्यांच्याजवळ दुसरे काही नसते.

योग्य कृती हाती दिली तर काय होते, याचे उदाहरण सुदैवाने आपल्या विदर्भातच आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी 'सर्च' या संस्थेच्या वतीने लहान मुलांच्या न्युमोनियावर काम केले. मूल खोकते आहे एवढ्यावरून काही कळत नाही. ते मिनिटाला किती श्वास घेते यावरून न्युमोनियाची शंका घेता येते. दोन महिन्यांपासून एक वर्षाच्या बाळाचे श्वास मिनिटाला पन्नास किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे चाळीस किंवा अधिक झाले, तर ते धोक्याचे मानतात. पण सुईणीला पन्नासपर्यंत मोजता येत नसेल तर? त्यासाठी त्यांनी मण्यांचे एक साधे साधन बनविले. सोबत एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत ठरलेल्या मण्यापर्यंत पोचलो तर औषध द्यायचे. त्या कामाचा अहवाल 1990 साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला. ज्या गावांत हे केले तिथे न्युमोनियाने होणारे बालमृत्यू शेजारच्या, काम न केलेल्या गावांच्या तुलनेत निम्म्याहून कमी होते. मला यात औषधाइतकाच तो मणी महत्त्वाचा वाटतो. सुईण गावातलीच होती, भाषा गावातलीच होती, आणि "सावध राहा" असे सांगण्याऐवजी "हे मोज" असे सांगितले गेले होते.

परासियानंतर काही दिवसांनी माझ्या ओळखीची एक तरुण आई भेटली. दोन वर्षांचे मूल, नाक वाहत होते. तिने मला विचारले, "साहेब, डॉक्टरचं आयकलं तं असं झालं. मंग आता आमी कोनाचं आयकाव?" मला तिथल्या तिथे उत्तर सुचले नाही. डॉक्टरांवर विश्वास ठेवू नका, असे मी सांगू शकत नाही. तसे झाले तर पुढच्या पावसाळ्यात खरा न्युमोनिया झालेले मूल जामसावळीच्या मारुतीच्या दर्शनाहून थेट घरी जाईल आणि दवाखान्यात पोचणारच नाही. मारुतीला जरूर जावे, पण दवाखान्यातून जावे. आणि डोळे मिटून विश्वास ठेवा, हे तर आता मला म्हणवतच नाही.

तिला जे त्या दिवशी सांगता आले नाही ते आज सांगतो. दोन वर्षांखालच्या मुलाला सर्दी-खोकल्याचे औषध देऊ नये, आणि पाच वर्षांखालीही सहसा टाळावे, असे केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये पुन्हा सांगितले आहे. तेव्हा बाटली लिहून दिली गेली तर "हे नाही दिले तर काय होईल?" असे डॉक्टरांना विचारा. आमच्यापैकी चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही. ज्याला येतो त्याला येऊ द्या. वर्षावरच्या मुलाला चमचाभर मध द्या. वर्षाखालच्या बाळाला मध कदापि नको. अंगावरचे दूध, पेज, पाणी चालू ठेवा. श्वास मोजा. छातीखालचा भाग श्वासागणिक आत ओढला जात असेल, मूल पीत नसेल, जागे करूनही सुस्त पडत असेल, किंवा सहा-आठ तासांत लघवी झाली नसेल, तर रात्र असली तरी निघा. आणि कोणतेही औषध दिले असेल तर बाटली व पावती फेकू नका. संशय आला तर त्यावरचा बॅच क्रमांकच माग काढायला कामी येतो.

शाळेकडेही माझे एक मागणे आहे. असे इशारे, मग ते औषधाचे असोत, उघड्या बोअरवेलचे असोत की फवारणीच्या डब्याचे, शाळेने मराठीत आणि हिंदीत चार ओळींत लिहून मुलांच्या हाती घरी पाठवावेत, खाली वर्गशिक्षकांची सही असावी. सही महत्त्वाची आहे. ज्या बाईंनी किंवा सरांनी आपल्या मुलाला अक्षर शिकविले, त्यांच्या सहीचा कागद आई देव्हाऱ्यात ठेवते, हे मी घरोघरी पाहिलेले आहे.

येताना मी एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांची माळ सोबत आणली आहे. कार्यक्रम संपल्यावर बाहेर वऱ्हांड्यात गुरुजींच्या तसबिरीजवळ मी बसणार आहे. ज्यांच्या कडेवर लहान मूल आहे त्यांनी थांबावे. मूल झोपलेले असेल तर फारच छान, श्वास नीट मोजता येतो. घाई नाही. माझ्याकडे आता बाहेर तीस जण बसलेले नसतात.